पौषातील शनिवार-रविवार घाटमाथ्यावरच्या मित्राकडे: काय न्यावे, काय पाहावे, काय टाळावे?

प्रश्नकर्ता: म्हापसेकर

नमस्कार. माझा महाविद्यालयापासूनचा एक मित्र तीन वर्षांपूर्वी पणजीतील नोकरी सोडून गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आपल्या मूळ घरी राहायला गेला. वडिलांच्या पश्चात गुरे, काजूची बाग आणि नाचणीचे चार तुकडे सांभाळायला दुसरे कोणी उरले नव्हते, असे कारण त्याने त्या वेळी सांगितले. खरे कारण एवढेच असावे असे मला कधी वाटले नाही, पण तो विषय वेगळा. घर चोर्ला घाट चढून गेल्यावर सुर्ल्याच्या बाजूला एका लहानशा वाड्यावर, म्हणजे वस्तीवर, आहे. वाड्याचे नाव येथे देत नाही, कारण ते त्याला आवडणार नाही.

दर चवथीला (गणेशचतुर्थीला) आमचा फोन होतो, ‘एकदा सवड काढून ये’ असे तो म्हणतो, ‘येतो रे’ असे मी म्हणतो आणि गाडी तिथेच अडते. या वेळी मात्र वहिनींनी थेट माझ्या पत्नीला फोन करून सांगितले की पौष लागला आहे, शेजारच्या वाड्यावर धालोंचा मांड, म्हणजे बायकांच्या पौषातील गाण्या-नाचांची बैठक, बसणार आहे, तेव्हा शनिवारी या, रविवारी जेवून जा आणि कृपा करून कसलाही बेत आखू नका. पत्नीने तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. इकडे म्हापशात बोडगेश्वराच्या जत्रेची गर्दी, घरासमोर रात्री उशिरापर्यंत वाहनांचा गोंगाट. त्यामुळे दोन दिवस शांततेत मिळाले तर कोणाला नको आहेत?

अडचण अशी आहे की बेत न आखणे माझ्या स्वभावात नाही. फोन ठेवल्यापासून तासाभरात मी कागदावर यादी केली: अंजुणे धरण, वज्रसकला आणि लाडकीचा वझर हे धबधबे, ब्रह्माकरमळीचे देऊळ, नाणूसचा किल्ला, तांबडी सुर्ला आणि वेळ उरल्यास मोले. ती वाचून पत्नीने ‘ही विश्रांती आहे की जनगणना?’ असे विचारले. आमच्यासोबत आठ वर्षांची मुलगी आणि अडुसष्ट वर्षांची आई असेल. आईचे गुडघे दुखतात, पण घरी राहायला ती तयार नाही.

म्हणून जाणकारांना विचारतो. घाट किती वाजता चढावा आणि वर थंडी कितपत असते? मित्राच्याच घरी चौघांनी उतरणे योग्य, की वहिनींवर भार नको म्हणून रात्री जवळच्या एखाद्या होमस्टेमध्ये राहावे? भेट म्हणून काय न्यावे? धालो बाहेरच्या माणसांनी पाहिलेले चालतात का? आणि माझ्या यादीतले नेमके किती ठेवावे?

केरीकर यांचे उत्तर

मी घाटाच्या पायथ्याशी राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून दोनदा वर जातो, म्हणून रस्त्यापुरते बोलतो.

म्हापशाहून अस्नोडा, मुळगाव, डिचोली, साखळी, पर्ये आणि केरी असा तुमचा मार्ग आहे. दुपारचे जेवण घरी उरकून दोनच्या सुमारास निघालात तर चारपर्यंत निवांत वर पोहोचाल. यापेक्षा उशीर करू नका. जानेवारीत सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळतो, घाटातल्या दरीत त्याच्याही आधी काळोख पडतो, आणि अंधारात समोरून बेळगावकडची अवजड वाहने उतरत असताना नवख्या माणसाने वळणे घेण्यात शहाणपणा नाही. चढत्या गाडीला आधी वाट द्यावी हा नियम सगळ्यांना ठाऊक आहे, पाळतात मात्र थोडेच, म्हणून प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न द्या. पेट्रोल साखळीतच भरून घ्या. मुलीला गाडी लागत असेल तर निघण्यापूर्वी पोटभर जेवू घालू नका आणि तोंडात आल्याची वडी ठेवायला द्या. केरी सोडल्यानंतरचा अर्धा तास तेवढा कठीण जातो.

आता सर्वांत महत्त्वाचे. नकाशात नुसते ‘सुर्ला’ असे टाकू नका, कारण गोव्यात सुर्ला एक नाही. डिचोली तालुक्यात वेळगेच्या शेजारी खाणपट्ट्यातले एक आहे, धारबांदोडा तालुक्यात महादेवाच्या प्राचीन देवळाचे तांबडी सुर्ला आहे, आणि तुम्हाला जायचे आहे ते सत्तरीतले, घाटमाथ्यावरचे. माझ्या मेहुण्याच्या लग्नाला निघालेली पाहुण्यांची एक गाडी नकाशाच्या भरवशावर तांबडी सुर्ल्याच्या देवळापाशी जाऊन उभी राहिली होती. त्यांना देवदर्शन चांगले घडले, लग्नाचे जेवण मात्र हुकले. मित्राकडून घराचे ठिकाण मागून घ्या आणि ते केरीत पोहोचण्यापूर्वीच फोनमध्ये उतरवून ठेवा. वरच्या वाड्यांवर फोनची रेंज सगळीकडे मिळत नाही. बहुतेक ठिकाणी एखादा ठरावीक धोंडा असतो, ज्यावर उभे राहिले की बोलणे होते आणि उतरले की तुटते. पोहोचल्यावर तो धोंडा कोणता, एवढे विचारून ठेवा.

थंडीचे म्हणाल तर म्हापशात रात्री पंखा मंद चालू असतो तेव्हा वर गोधडी लागते. आईंसाठी कानटोपी, पायमोजे आणि एक जाड शाल अवश्य न्या. पहाटे धुके असते, ते नऊपर्यंत हलत नाही.

अंजुणे धरणासाठी वेगळा वेळ काढायची गरज नाही. केरीतून वर चढताना त्याचे पाणी आपोआप दिसते. ज्या अंजुणे गावाचे नाव त्याला आहे, ते गाव त्याच पाण्याखाली आहे, एवढे मुलीला सांगा.

वाळपईची सून यांचे उत्तर

माझे माहेर डिचोलीला आणि सासर वाळपईच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत आहे. या घरात येऊन चोवीस वर्षे झाली, त्यामुळे शहरातून येणाऱ्या पाहुण्यांविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे असे समजते.

होमस्टेचा विचार मनातून काढून टाका. घरचे बोलावणे असताना रात्री दुसरीकडे झोपायला गेलात तर वहिनी तोंडाने काही बोलणार नाहीत, पण ते कायमचे लक्षात ठेवतील. भार कमी करायचा असेल तर त्याचे मार्ग वेगळे आहेत. नेमके किती वाजता पोहोचणार ते सांगा आणि ती वेळ पाळा. केरीकरांनी म्हटल्याप्रमाणे दुपारी जेवूनच निघा, म्हणजे यजमानांची दुपारची धावपळ वाचते. पांघरुणे शक्य तेवढी स्वतःची न्या. डोंगरावरच्या घरांत न्हाणीतल्या तांब्याच्या भाणात अजून लाकडावर पाणी तापते. चार माणसांच्या आंघोळी आणि त्यात कोणी तीन-तीन बादल्या घेतल्या तर आठवड्याचे लाकूड दोन दिवसांत संपते, शिवाय ते रानातून डोक्यावरून आणलेले असते, हे आंघोळ करणाऱ्याच्या ध्यानात येत नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे नात्यातली सहा माणसे ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ राहायला आली होती. सकाळी आठला निघून ती संध्याकाळी सातला परतत, त्या अकरा तासांत कुठे कुठे जाऊन आली ते रात्री फोनमध्ये दाखवत, आणि मी दोन वेळचे रांधून झाकून ठेवत असे. तिसऱ्या दिवशी निघताना त्यांतल्या एकीने नाचणीच्या भाकरीकडे पाहून ‘ही औषधी असते ना?’ असे विचारले. ती भाकरी आम्ही भूक लागली म्हणून खातो. ती माणसे गेल्यावर माझे सासरे म्हणाले, ‘पाहुणे आले होते की घर बघायला भाडेकरू?’ तुमची यादी वाचताना मला ते आठवले, म्हणून लिहिले. राग मानू नये.

सकाळी पानात काय येईल याचीही कल्पना देते. उकड्या तांदळाची पेज, तिच्यासोबत मिठातला तोर (कैरी) किंवा भाजलेला सुका बांगडा, दुपारी कुळथाचे कळण आणि तांबडी भाजी, रात्री भाकरी. मुलीला पेज आवडली नाही तर तिच्यासाठी वेगळे काही करायला लावू नका. पेजेत थोडा गूळ आणि खोवलेला नारळ घातला की मुले निमूटपणे खातात.

भेटीबद्दल सांगायचे तर मिठाईचे खोके नको. माथ्यावर मासेवाली रोज येत नाही आणि पोदेराची, म्हणजे पाववाल्याची, सायकल तर येतच नाही. म्हणून शुक्रवारच्या बाजारातून सुकी सुंगटे (कोळंबी), गालमो (जवळा) आणि सुके बांगडे घ्या, शनिवारी सकाळी दोन डझन उंडे आणि पोयी हे पाव घ्या, आणि जत्रा चालूच आहे तर पुडीभर खाजे घ्या. ताजे मासे बर्फात घालून नेलेत तर आनंदच होईल, मात्र घरात कोणत्या दिवशी शिवराक (शाकाहार) असते ते आधी विचारा. मांड बसलेला असताना काही घरांत बायका शिवराक पाळतात. काजू, मिरे किंवा मध विकत घेऊन नेऊ नका, ते त्यांच्याकडे तुमच्यापेक्षा चांगले असते. वेष्टनातले जे काही न्याल त्याची वेष्टने परत आणा, कारण वाड्यावर कचऱ्याची गाडी येत नाही.

आता धालोंविषयी. धालो पाहायला जाणे म्हणजे नाटकाला जाणे नव्हे. मांड ही वाड्याची देवाची जागा असते, ती सारवून ठेवलेली असते आणि तिच्यावर चपला घालून कोणी चढत नाही. रात्रीची जेवणे आटोपल्यावर बायका जमतात, दिवा लागतो, नमन होते आणि मग दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. शेजारणीच्या कमरेत हात गुंफून सगळी रांग एका अंगाने पुढे येते आणि मागे जाते; एक रांग ओळ म्हणते, दुसरी ती झेलते. ही गाणी शिकवलेली नसतात, आजीच्या शेजारी उभे राहून अंगात उतरलेली असतात. शेवटाकडे फुगड्या होतात. कुठे पाच रात्री, कुठे सात, कुठे नऊ, ही त्या त्या गावाची रीत. शेवटच्या रात्री सोंगे काढतात आणि हसून हसून पोट दुखते. पुरुष मांडाच्या कडेला बसून पाहू शकतात. तुमच्या पत्नीला आणि मुलीला कोणीतरी हाताला धरून रांगेत ओढील, तेव्हा त्यांनी नाही म्हणू नये. गाणे आले नाही तरी चालते, पाय चुकला तरी चालतो, फक्त मध्येच रांग सोडून फोटो काढायला जाऊ नये. फोटो काढायचाच असेल तर मांडावरच्या थोरल्या बाईला विचारावे.

आईंसाठी एक व्यवहाराची गोष्ट. शौचालय घरात आहे की अंगणाच्या टोकाला, आणि ते खाली बसण्याचे आहे की खुर्चीसारखे, हे निघण्यापूर्वी वहिनींना स्पष्ट विचारा. यात लाजण्यासारखे काही नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाची पहिली चिंता तीच असते आणि तीच कोणी बोलून दाखवत नाही. चांगली बॅटरी आणि काठी सोबत द्या.

रानवाट यांचे उत्तर

वरची दोन्ही उत्तरे पटली, पण घरात दोन दिवस बसून राहणे हीच तेवढी विश्रांती, हे मला मान्य नाही. डोंगरात जाऊन डोंगर न पाहता परत येणेही बरे नव्हे. शिवाय यजमानालाही पाहुण्यांच्या निमित्ताने आपले रान दाखवण्याची हौस असते.

तरीही यादीवर कात्री चालवावी लागेल. तांबडी सुर्ला आणि मोले हे वेगळ्या रस्त्यावर आणि वेगळ्या तालुक्यात आहेत, ती नावे आजच खोडा. झरे आणि वझर यांची शान पावसात असते, जानेवारीपर्यंत पुष्कळ ठिकाणी पाण्याची धार बारीक होते. त्यातच या भागातले बरेच रान म्हादई अभयारण्यात येते. सुमारे २०८ चौरस किलोमीटरचे हे अभयारण्य १९९९ साली जाहीर झाले, आणि त्यात शिरायचे तर वन खात्याच्या परवानगीने शिरावे लागते. जुलै २०२३ मध्ये नेत्रावळीतील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाल्यानंतर खात्याने अभयारण्यांतील धबधब्यांवर जाण्यास बंदी घातली होती. तेव्हापासून नियम अधूनमधून बदलत आले आहेत, म्हणून जुन्या चित्रफिती पाहून लाडकीच्या वझराकडे निघू नका. आठ वर्षांची मुलगी आणि दुखरे गुडघे घेऊन तर नाहीच.

त्याऐवजी मित्र सकाळी गुरे घेऊन सड्यावर जाईल तेव्हा त्याच्याबरोबर जा. जांभ्या दगडाचा तो सपाट सडा पावसात हिरवागार असतो आणि जानेवारीत वाळल्या गवताने पिवळा होतो. त्याच्या कडेला उभे राहिले की खाली रानाचा घुमट आणि त्यातून निघणारे धुक्याचे लोट दिसतात. नशीब असेल तर माडगरुड, म्हणजे धनेश, पंखांचा मोठा आवाज करीत डोक्यावरून जाईल. शेकरू दिसायला एवढे नशीबही लागत नाही. तिन्हीसांजेनंतर मात्र पायवाटेने भटकू नका. गवा हा आपला राज्यपशू असला तरी अंधारात समोरासमोर भेटण्यासारखा प्राणी नाही.

आणखी एक नाजूक सूचना. जेवताना गमतीनेही ‘इथे वाघ येतो का?’ असा विषय काढू नका. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मृतावस्थेत सापडले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या भागात व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला, आणि तेव्हापासून गुरे पाळणाऱ्या घरांत हा विषय जमीन, चराई आणि उद्याची चिंता यांच्याशी जोडला गेला आहे. मी स्वतः वाघाच्या बाजूचा आहे. पण शहरात बसून वाघाच्या बाजूचे असणे स्वस्त पडते, एवढे मला कळते. मित्राने स्वतःहून विषय काढला तर ऐका.

यादीतले ब्रह्माकरमळी ठेवा. रविवारी उतरताना वाळपईकडे वळून तेथे जाता येईल. पोर्तुगीज काळात तिसवाडीतील करमळीहून हलवलेली ब्रह्मदेवाची कदंबकालीन मूर्ती तेथे आहे, आणि आईंना फार चालावेही लागणार नाही. नाणूसचा किल्ला, जेथून १८५२ मध्ये दीपाजी राणे यांनी बंड उभारले, त्याच परिसरात आहे, पण तो पुढच्या खेपेला ठेवा.

निवृत्त परिचारिका यांचे उत्तर

घाबरवण्याचा हेतू नाही, परंतु वर कोणी माकडतापाचा उल्लेख केलेला दिसत नाही, म्हणून लिहिते. हा विषाणूजन्य ताप १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. सत्तरीत २०१५ मध्ये पाली परिसरात त्याचे रुग्ण आढळले. डिसेंबरपासून पावसाळ्यापर्यंत त्याचा हंगाम असतो, कारण याच काळात रानातल्या पाचोळ्यात गोचिडीची बारीक पिल्ले असतात, डोळ्यांना सहज दिसणार नाहीत एवढी. ती चावल्याने रोग होतो. एका माणसापासून दुसऱ्याला तो होत नाही.

सड्यावर उघड्या जागी फिरायला हरकत नाही. पाचोळ्यात बसणे, लोळणे, रानात लाकडे गोळा करायला जाणे मात्र टाळा. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजारीचे पाय मोज्यांत खोचा, रानातून आल्यावर कपडे बदलून गरम पाण्याने आंघोळ करा आणि मुलीच्या कानांमागे, काखेत व केसांत नीट पाहा. यजमानांच्या घरी आरोग्य खात्याने दिलेले अंगाला लावायचे तेल असण्याची शक्यता आहे. असेल तर संकोच न करता मागून घ्या. कुठे मेलेले माकड दिसले तर जवळ जाऊ नका, गावात कळवा. परतल्यानंतर आठवडा-दहा दिवसांत अचानक जोराचा ताप, तीव्र डोकेदुखी आणि अंगदुखी सुरू झाली तर घरगुती औषधांत वेळ न घालवता डॉक्टरांकडे जा आणि सत्तरीत राहून आल्याचे स्वतःहून सांगा. म्हापशातल्या डॉक्टरांच्या ते आपणहून मनात येईलच असे नाही.

केरीकर यांचे पुन्हा उत्तर

गव्याबद्दल रानवाट यांनी लिहिले ते खरे आहे. गेल्या महिन्यात संध्याकाळी सातला घाटातल्या एका वळणावर दुचाकीच्या उजेडात मला दोन मोठे डोळे दिसले आणि मी पंधरा मिनिटे इंजिन बंद करून उभा राहिलो. तो मात्र शांतपणे खरवडून खात होता. म्हणून पुन्हा सांगतो, चारच्या आत वर पोहोचा.

म्हापसेकर (प्रश्नकर्ता)

गेल्या शनिवारी-रविवारी जाऊन आलो. सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, तेव्हा काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे.

दोनला निघून चारला दहा मिनिटे असताना पोहोचलो. नकाशाने डिचोलीत मला खरोखरच दुसऱ्या सुर्ल्याकडे वळवायचा प्रयत्न केला, पण केरीकरांच्या मेहुण्याचे लग्न आठवले आणि सावध झालो. चूक झाली ती वेगळ्याच ठिकाणी. शिवराकाचे विचारायचे म्हणून पत्नीने फोन केला, तेव्हा वहिनी ‘काहीही आणा हो’ असे म्हणाल्या, आणि मी त्याचा अर्थ मला सोयीचा तो घेतला. दोन डझन ताजे बांगडे, बर्फाच्या पेटीत नीट रचून, मी मोठ्या अभिमानाने अंगणात उतरवले. मांड बसल्यापासून त्या घरात शिवराक चालू होते. वहिनींनी झाकण उघडले, क्षणभर पाहिले आणि हसतच सुटल्या. पेटी पलीकडच्या घरी गेली, आणि तासाभराने तिकडून टोपलीभर कणगी (कंद) आली. रात्री आम्ही तीच उकडून गूळ-खोबऱ्यासोबत खाल्ली, आणि उंड्यांवर मात्र मित्राने असा हात मारला की त्याला पणजी सोडल्याचा तेवढाच पश्चात्ताप असावा.

आईची चिंता निष्कारण होती. मित्राची आई आणि ती चुलीपुढे कुळीथ निवडायला बसल्या, दहा मिनिटांत डिचोलीतले एक समान नाते सापडले आणि त्यानंतर आम्हाला त्या दोघींत जागा उरली नाही. रात्री मांडावर जायची वेळ झाली तेव्हा मित्राने काही न बोलता घरातली लाकडी खुर्ची उलटी करून डोक्यावर घेतली आणि बॅटरीच्या उजेडात पुढे चालू लागला. आई काठी टेकत तिच्या मागे, आणि तिच्या मागे आम्ही. वाळपईच्या वहिनींनी लिहिल्याप्रमाणेच घडले. मुलीला एका आजीबाईंनी ओढून रांगेत घेतले. मी कडेला बसलो होतो, तेथून चेहरे नीट दिसत नव्हते, फक्त सारवलेल्या जमिनीवर अनवाणी पावले एकदम पडण्याचा दबका आवाज येत होता आणि मध्ये माझ्या मुलीची एक पायरी नेहमी उशिरा पडत होती. साडेअकरानंतर तीही बरोबर पडू लागली. फोटो एकही काढला नाही.

सकाळी मित्राबरोबर सड्यावर गेलो. मोज्यांत विजार खोचलेल्या माझ्या अवताराला गुरेही बुजली. धुके उठेपर्यंत आम्ही एका धोंड्यावर बसलो होतो, आणि तोच नेमका रेंजचा धोंडा निघाल्यामुळे माझ्या खिशातला फोन सारखा वाजत राहिला. शेवटी तो बंद केला. त्यानंतर तासभर मित्र बोलला. नोकरी सोडण्याचे खरे कारणही त्याने सांगितले. ते येथे लिहिण्यासारखे नाही, मात्र तीन वर्षांत मी एकदा जरी वर गेलो असतो तर ते मला तेव्हाच कळले असते. वाघाचा विषय त्यानेच काढला, मी ऐकले.

रविवारी जेवून निघालो, ब्रह्माकरमळीला थांबलो, आईने देवळाच्या पायरीवर बसून वहिनींनी दिलेली नाचणीच्या पिठाची पुरचुंडी पुन्हा पुन्हा हुंगून पाहिली. बाकीच्या यादीची कोणाला आठवण झाली नाही.

बर्फाची पेटी मात्र पलीकडच्या घरीच राहिली. काल मित्राचा फोन आला, ‘तुझी पेटी इथे आहे, काजूची भाटी लागेल तेव्हा, एप्रिलात, न्यायला ये, हुर्राकही (काजूची दारू) मिळेल.’ तेव्हा केरीकरांनी एवढे सांगावे: एप्रिलमध्ये दुपारी दोनला निघून चालेल, की उन्हामुळे सकाळीच घाट चढलेला बरा?